तुरीच्या पोत्याला टेकवलेली गाडी

गुलबर्ग्यात मला भाड्याची खोली मिळाली ती मला गाडी चालवता येत नव्हती म्हणून.

घरमालक अंगणात बसच्या सीटवर बसले होते. सीट खरोखरची ड्रायव्हरची होती. भंगारात निघालेल्या गाडीतली ती सीट त्यांनी उचलून आणली होती आणि अंगणातल्या शहाबादी फरशीला बोल्ट मारून पक्की केली होती. मी भालकीची, इथल्या कॉलेजात संगणक शिकवायला आले आहे, वरची खोली रिकामी आहे असं कळलं, हे सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी त्यातलं काही ऐकल्यासारखं दिसलं नाही.

"ब्रेक कुठल्या पायानं मारता?" त्यांनी विचारलं.

"मला गाडी येत नाही. स्कूटीसुद्धा नाही."

"मग खोली तुमची. अर्धवट येणारे ह्या गल्लीत लई हाईत."

गल्ली त्यांना अप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अव्वा. मीही तेच म्हणू लागले. ते मला अक्कोरु म्हणत. तिकडे कानडीत शिक्षिकेला तसं म्हणतात. दोघं मूळचे मादन हिप्परग्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. अप्पांनी विशीत हातातली काठी ठेवली आणि सरकारी बसचं स्टेअरिंग धरलं, ते एकतीस वर्षं सोडलं नाही. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कुणी वळणावर ओव्हरटेक केलं की दखनी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी होती. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून खात्यानं दिलेला बिल्ला ते रिटायर झाल्यावरही शर्टाला लावत. अंगात नुसतं बनियन असलं तर बनियनला लावत.

घरात घड्याळ होतं, पण वेळ गाड्यांवर चालायची. "अफजलपूर सुटली, अजून चहा न्हाई?" असं ते चार वाजता म्हणत. जेवण आळंदच्या गाडीवर, झोप मुक्कामाच्या गाडीवर. त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या वेळा कधीच बदलल्या होत्या, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. "गाडी बदलली आसंल, वेळ न्हाई बदलली," म्हणाले. मला या पद्धतीची इतकी सवय झाली की एकदा प्राचार्यांना मी 'हुमनाबाद सुटायच्या आत तास संपवते' असं सांगून बसले.

गाडी ते अनवाणी चालवायचे. चपला सीटखाली आडव्या ठेवायच्या, पाय सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, मगच किल्ली फिरवायची. "पायाला गाडी कळाय पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कान फसवतंय, डोळा फसवतंय. पाय फसवत न्हाई." हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं असेल ते समोरच्या रफीकनं. रफीक टमटम चालवायचा. पायात रबरी चप्पल, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातातला मोबाईल कानाला. रोज सकाळी अप्पा फाटकातून ओरडत, "रफीक, चपला काड." तो म्हणायचा, "हौ अप्पा, कल से." त्याचा तो उद्या कधी उजाडला नाही आणि अप्पांचं सांगणंही थांबलं नाही.

त्यांचा दुसरा नियम शिट्टीचा. आमच्याकडच्या बसमध्ये कंडक्टर एक शिट्टी मारतो तेव्हा गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. शिट्टी कंडक्टरची आणि गाडी ड्रायव्हरची, यात अप्पा कुणालाही ढवळाढवळ करू देत नसत. एकदा आळंदच्या पुढे एका थांब्यावर कंडक्टर घाईनं शेतात जाऊन आला आणि येताना शिट्टी तिथंच कुठंतरी पाडून आला. "रैट, रैट," म्हणून त्यानं गाडीचा पत्रा बडवला. अप्पांनी गाडी हलवली नाही. तोंडानं रैट कुणीही म्हणतं, म्हणाले. अर्धा तास गाडी उन्हात उभी. माणसं चिडली, बाया शिव्या द्यायला लागल्या, कंडक्टर तुरीच्या ओळी धुंडाळून घामाघूम झाला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळानं दोन बोटं तोंडात घातली आणि दोन शिट्ट्या मारल्या. अप्पांनी लगेच गियर टाकला.

"माझ्या बापासारखी वाजवली त्यानं," हे ते गोष्टीच्या शेवटी न चुकता सांगत.

"तुम्हाला येते तशी?" मी विचारलं होतं.

"यायची. ड्रायव्हरनं वाजवायची नसती."

रिटायर झाल्यावर ते एका खाजगी शाळेची व्हॅन चालवायला लागले. त्यात पहिली ते चौथीची सतरा मुलं असायची. पोरं गाडीत असली की काटा तिसाच्या वर जायचा नाही. मागच्या दारापाशी एक छोटा बाक होता. शाळेनं तिथं एक बाई ठेवली होती, ती दोन महिन्यांत सोडून गेली, मग तो बाक रिकामाच राहिला. सहा वर्षं ती व्हॅन त्यांनी चालवली. व्हॅनला तर सोडाच, व्हॅनच्या रंगालाही त्या सहा वर्षांत कुणी धक्का लावला नव्हता.

एक प्रसंग इथंच सांगते, कारण तेव्हा मी हसले होते. अप्पा एकदा भाजी घेऊन आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठं असं अव्वांनी विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि आमच्याइतकेच चकित झाले. उजव्या पायातली गळून पडली होती आणि ते तसेच दीड मैल चालत आले होते. रफीकनं ती भाजीबाजाराच्या तोंडाशी शोधली आणि टमटमच्या आरशाला टांगून वाजतगाजत आणली. गल्ली आठ दिवस त्यावर जगली. अप्पा म्हणाले, अनवाणी चालवणाऱ्याला चपलेची आठवण राहत नसते. हे आम्हां सगळ्यांना पटलं. त्यांना साखर होती, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. गोळी अव्वांच्या हातून आणि लाडू डब्यातून स्वतःच्या हातानं, असं त्यांचं औषधपाणी चाललेलं असायचं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मी तर स्वतःला शिकलेली समजत होते.

त्यांचा मुलगा बेंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्यानं हौसेनं संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळायचं स्टेअरिंग घेतलं होतं, खाली तीन पेडल असलेलं. लग्न झालं, घरात जागा उरली नाही, आणि ते खोकं त्यानं गुलबर्ग्याला पाठवलं. पाठवलं म्हणजे रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. त्या ड्रायव्हरला गाडी अप्पांनीच शिकवली होती, त्यामुळे खोकं त्याच्या सीटमागून थेट आमच्या फाटकात उतरलं. मग मुलाचा मला फोन आला. "अक्का, तेवढं तुमच्या कॉम्प्युटरला जोडून द्या. त्यांचं मन रमेल. व्हॅन सुटली तर बरं, वय झालंय त्यांचं."

"पोरानं बापाला खेळणं धाडलंय," अप्पा म्हणाले आणि खोकं कात्री न वापरता दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. पुठ्ठ्याला मारलेल्या तांब्याच्या पिना फरशीवर उडाल्या. आतलं स्टेअरिंग बसच्या मानानं ताटलीएवढं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ते अंगणातल्या सीटचे बोल्ट काढत होते.

मग माझा संगणक खाली त्यांच्या बाहेरच्या खोलीत आला. मी तो सुटे भाग घेऊन जुळवलेला होता, आणि मला त्याचा अभिमान होता हे लपवत नाही. टेबलाला स्टेअरिंगचा शिकंजा आवळला, समोर बसची सीट ठेवली. सोबतची सीडी बेंगळूरलाच राहिली होती, म्हणून मी सायबर कॅफेत बसून सॉफ्टवेअर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये आणलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचे दोन दिवस मात्र त्या स्टेअरिंगनं माझी अब्रू घालवली.

वीज दिली की ते स्टेअरिंग एकदा आपोआप पूर्ण डावीकडे फिरतं, एकदा पूर्ण उजवीकडे, आणि मग मधे येऊन थांबतं. आपली टोकं कुठं आहेत आणि मध्य कुठं आहे हे ते असं मोजून घेतं. त्या वेळी त्याला हात लावायचा नसतो. आमची गाडी मात्र सुरू झाल्यापासून डावीकडे ओढायची. मी सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा मी संगणकाऐवजी अप्पांकडे बघत बसले तेव्हा कळलं. स्टेअरिंग हललं रे हललं की त्यांचे दोन्ही हात झडप घालून ते धरत होते. त्यामुळे त्याचं मोजमाप अर्ध्यात अडत होतं.

"अप्पा, सोडा त्याला."

"आपणहून फिरायलंय की."

"फिरू द्या. मधे येऊन थांबेल."

"गाडीत बसून स्टेअरिंग सोडायचं?" ते म्हणाले. "अक्कोरु, हे मला जमायचं न्हाई."

त्यांना खरंच जमलं नाही. हात मांडीखाली घेऊन बसवलं तरी ते निसटून वर यायचे. शेवटी असं ठरलं की स्टेअरिंग सुरू होईपर्यंत अप्पांनी अंगणात जाऊन उभं राहायचं आणि ते मधे आलं की मी हाक मारायची.

मग पेडलं. शहाबादी फरशी गुळगुळीत, त्यात अप्पांचा ब्रेक बसचा. पहिल्याच ब्रेकला पेडलं सरकत सरकत भिंतीपाशी गेली. गोणपाट अंथरलं, वीट लावली, काही उपयोग झाला नाही. अव्वांच्या माहेराहून वर्षाची तूर आली होती. ते पोतं अप्पांनी ओढत आणलं आणि पेडलांच्या मागं टेकवलं. त्यानंतर पेडल केसभर हललं नाही. "आता मला वरणाला तूर काडायची तर गाडी थांबवाय लागायलीय," अव्वा म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या असं मात्र वाटलं नाही.

अप्पांच्या मागण्या मग सुरू झाल्या. स्टेअरिंग एका झटक्यात पूर्ण वळायचं, ते त्यांना पोरकट वाटलं. मी सेटिंगमध्ये जाऊन अडीच फेरे करून दिले. बसला पाच लागतात, म्हणाले, पण चालंल. मग ते फार हलकं होतं, जड करून दिलं. मग म्हणाले, ह्याला प्ले न्हाई. जुन्या बसचं स्टेअरिंग चार बोटं हललं तरी चाकं हलत नाहीत, तेवढी ढील त्यांना हवी होती. तीही सॉफ्टवेअरमध्ये निघाली. त्याला डेड झोन म्हणतात. पट्टी सरकवून सांगायचं की एवढं हललं तर तिकडे दुर्लक्ष कर. अप्पांना हे फार आवडलं. "म्हंजे बगून न बगितल्यासारखं करायचं," म्हणाले.

शर्यतीत ते डाव्या बाजूनं चालवायचे. मागून गाडी आली की हात दाखवून तिला पुढं जाऊ द्यायचे, आणि तो हात फक्त मला दिसायचा. पहिल्या फेरीनंतर त्यांनी गाडी उभी केली. "जिथनं निगालाव तिथंच आलाव की. मधे गाव कसं न्हाई एक बी?" तरी ते रोज बसत. शाळेच्या पोरांना सोडून आले की पाय पुसून त्या सीटवर. रफीक बघायला यायचा, त्याला ते चपला दाराबाहेर काढायला लावत आणि तिथं तो निमूट काढायचा.

चौथ्या दिवशी पेडल बिघडलं. निदान आम्ही तसं समजलो. वळण आलं की गाडी हळू व्हायचीच नाही. अप्पा ब्रेकवर पाय नेत, पण त्याआधीच ती भिंतीवर जाऊन आदळायची. "पेडल अडकायलंय," ते म्हणाले. तिसाच्या वर काटा न नेणाऱ्या माणसाची गाडी भिंतीवर आदळताना बघणं मला काही बरं वाटत नव्हतं.

मी मुलांना शिकवते ते असं की आधी केबल बघा, मग पोर्ट, मग सॉफ्टवेअर. मी तेच सगळं केलं. स्क्रीनवर प्रत्येक पेडलची एक पट्टी दिसते. पेडल दाबलं की पट्टी भरते, सोडलं की रिकामी होते. मी पाय ठेवला तर ॲक्सिलरेटरची पट्टी पूर्ण रिकामी होत होती. रफीकनं ठेवला तरी होत होती. अप्पांनी पाय ठेवला की कधी रिकामी व्हायची, कधी पावभर भरलेली तशीच राहायची. कधी होतं, कधी नाही, म्हणजे आतलं कनेक्शन ढिलं असणार. मी पेडल उघडून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं, त्यानं साफ करून दिलं. फरक पडला नाही. "मला बगूनच अडकतंय ते," अप्पा म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो.

रविवारी दुपारी अव्वा नात्यातल्या एका साखरपुड्याला गेल्या होत्या. मी ठरवलं की आज या पेडलचा निकाल लावायचा. स्क्रीन अप्पांकडे वळवली आणि मी फरशीवर, तुरीच्या पोत्याला टेकून, पेडलाशेजारी बसले.

"दाबा."

त्यांनी दाबलं.

"आता सोडा."

"सोडलं."

"पट्टी?"

"हाय तशीच. पाव."

मी पेडलकडे बघत होते. त्यांचा पाय पेडलवर होता. नुसता टेकलेला नाही, दाबलेला.

"अप्पा, पाय उचला."

"उचललाय की," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. आवाजात जराही शंका नव्हती.

त्यांची टाच माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तिच्या कडेला काहीतरी चमकत होतं. वाकून पाहिलं तर खोक्याची तांब्याची पिन होती. दोन्ही टोकं आत गेलेली, भोवती रक्त वाळून काळं झालेलं. खोकं फाडलं त्याला आठ दिवस झाले होते. आठ दिवस हा माणूस ती पिन टाचेत घेऊन चालत होता, जिने चढत होता, सतरा मुलांना शाळेत नेत होता. माझ्या काकांना साखर होती आणि त्यांचा पाय असाच सुन्न झाला होता, हे मला तेव्हा आठवलं. भाजीबाजारातली चप्पलही तेव्हाच आठवली.

मी पिन ओढून काढली. ते हललेसुद्धा नाहीत. मी ती तळहातावर ठेवून वर धरली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. आधी पिनेकडे, मग पायाकडे, मग पेडलकडे. बराच वेळ पाहिलं.

"ते डेड झोन," शेवटी ते म्हणाले, "पायाला बी हाय का?"

"आहे."

"वाडवा."

मी वाढवला. पावपट्टी दाबलेली असली तरी ती रिकामी समजायची, असं संगणकाला सांगितलं. अप्पांनी शर्यत लावली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची गाडी सगळी वळणं नीट घेऊन, कुठंही न आदळता शेवटपर्यंत गेली. ते स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"व्हॅनला लावता येतंय का हे?"

"नाही, अप्पा."

"ह्याची स्प्रिंग मऊ हाय. व्हॅनची कडक आसती. ती पाय आपणहून वर ढकलती."

हे खरं असू शकत होतं, आणि ते खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, अव्वाला सांगू नका. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर खोलीत गेले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. सकाळी आठ वाजता सतरा मुलं त्या गाडीत बसणार होती आणि मी, जिनं सगळं पाहिलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल म्हणून गप्प होते. सकाळी त्यांनी किल्ली घेतली की सरळ अव्वांना सांगायचं असं मी ठरवलं. सांगितलं असतं की नाही, हे आजही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ती वेळ आली नाही. सकाळी सातलाच खालून हाक आली. "अक्कोरु, खाली या."

व्हॅन फाटकाबाहेर उभी होती. अप्पा आत बसले होते, इंजिन बंद, ड्रायव्हरकडचं दार उघडं. पाय पुसलेले, टाचेला पट्टी बांधलेली.

"इथं बसा," त्यांनी दारापाशी बोट दाखवलं. "माझ्याकडं बगू नका, पायाकडं बगा. मी समोर बगतो. मी सोडलं म्हणलो की तुमी खरं काय ते सांगायचं. आज पट्टी तुमी."

मी साडी सावरून रस्त्यावर उकिडवी बसले. गल्लीतून जाणारे लोक बघत होते.

"सोडलं," अप्पा म्हणाले.

पाय वर आला होता. "हो."

"सोडलं."

"हो."

तिसऱ्यांदाही हो. मला इतका आनंद झाला की हसू आलं. स्प्रिंग खरंच कडक होती.

"सोडलं."

पाय तिथंच होता. पेडल अर्ध्या बोटाएवढं खाली. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, पापणी न हलवता, वळण येणार असल्यासारखे.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दाबलं. असं दहा वेळा केलं. चार वेळा मला नाही म्हणावं लागलं. प्रत्येक नाहीनंतर ते थोडं थांबायचे, पाय जागच्या जागी चोळायचे, पुन्हा समोर बघायचे.

"किती झाले?"

"चार."

"एक झाला आसता तरी पुरं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी किल्ली काढली. उतरले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, जसे नेहमी असत. मी उभी राहिले, आणि तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. "हे काडायचं न्हाई. एकतीस आणि सहा. अजून एक बी टच न्हाई," म्हणाले. मग खाली उतरले आणि समोर हाक मारली.

"रफीक."

रफीक दात घासत बाहेर आला.

"आज टमटम ऱ्हाऊ दे. व्हॅन काड."

"मैं?" त्यानं चूळ भरली. "आपको क्या हुआ अप्पा?"

"पाय गेलाय माझा. लायसन हाय न्हाई तुज्याकडं?"

"है अप्पा."

"मग बस. आणि चपला काड."

या वेळी रफीक 'कल से' म्हणाला नाही. त्यानं चपला काढल्या आणि सीटखाली आडव्या ठेवल्या. अप्पांनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि ते मागच्या दाराकडे गेले. त्या रिकाम्या बाकावर बसले आणि दार ओढून घेतलं.

रफीकनं इंजिन सुरू केलं आणि तसाच थांबला. आरशातून मागं बघत राहिला. शिट्टीची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती, त्यालाही होती. इंजिन घरघरत होतं, गाडी जागची हलत नव्हती. अप्पांनाही कळलं. मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती हवा आली. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली, आणि मग दोन शिट्ट्या आल्या, अशा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. व्हॅन निघाली.

अव्वा पिठाच्या हातांनी बाहेर धावत आल्या. मी त्यांना काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्या ऐकत होत्या.

"लग्नाच्या आदी हिप्परग्याला ऐकली होती ही शिट्टी," त्या म्हणाल्या. "मेंढरं वळवताना वाजवायचे. त्यानंतर आज."

"अव्वा, त्यांचा पाय..."

"ठावं हाय. चप्पल गळाली तवाच ठावं झालं. पोराला मीच फोन लावले होते, व्हॅन सुटंल आसं कायतरी कर म्हणून." त्यांनी कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले. "मी सांगून ऐकले नसते. आता येतेल डॉक्टरकडं."

कोपऱ्यावर पहिला मुलगा गाडीत चढायचा. तिकडून एक शिट्टी आली, व्हॅन थांबल्याची. आम्ही दोघी फाटकात उभ्या राहिलो. मग पुन्हा दोन आल्या, आणि अव्वा पीठ मळायला आत गेल्या.